रूट म्हणजे नक्की कोण?

शीर्षक वाचून हा एम-थ्रीमधल्या रूट्सवरचा लेख आहे असं समजून पान उलटू नका. एम-थ्री माझाही एकदा राहिलाय, त्यावर लिहायची माझी लायकी नाही. हा लेख आपल्या डिपार्टमेंटच्या सर्व्हरवरच्या रूटबद्दल आहे, आणि लॅबमधल्या काकांबद्दल. काकांना विचारूनच लिहितोय. ते म्हणाले, "लिही, पण माझं नाव नको छापू." म्हणून सगळीकडे नुसतं काका.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांसाठी थोडक्यात सांगतो. लिनक्स मशीनवर रूट नावाचा एक युजर असतो. तो मालक. त्याला कुठलीही फाइल वाचता येते, बदलता येते, उडवता येते, आणि उडवताना मशीन त्याला "नक्की ना?" असंही विचारत नाही. आपला सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर लॅबशेजारच्या खोलीत असतो. खोलीला एसी आहे. तो चालू असलेला मी दोनदा पाहिलाय. पण सर्व्हरवर काम करायला त्या खोलीत जावं लागत नाही. हॉस्टेलच्या पलंगावर पडल्या पडल्या एसएसएचने लॉगिन करायचं, की तुम्ही सर्व्हरच्या पुढ्यात बसल्यासारखेच. मी टीईला असताना सरांनी मला सर्व्हरचा इन-चार्ज केलं, तेव्हा पहिले आठ दिवस मी मेसमध्ये कॉलर ताठ करून जेवत होतो.

सर्व्हरवर उबंटू. उबंटू टाकताना ती रूटला पासवर्डच देत नाही, म्हणजे रूट म्हणून थेट आत शिरता येत नाही. पण आमच्या आधी कुणीतरी 'सोयीसाठी' तो सेट केला होता, आणि रूटला बाहेरून पासवर्डने लॉगिन करू देणारी सेटिंगही उघडून ठेवली होती. एसएसएचचं जे रूप सगळीकडे वापरतात त्या ओपन-एसएसएचने २०१५ पासून हे दार आपणहून बंद ठेवलेलं असतं. ते उघडायला मुद्दाम फाइल बदलावी लागते. आमच्याकडे ती बदललेली होती.

तो पासवर्ड सातजणांना माहीत होता. सर, आधीचा इन-चार्ज (आता पुण्यात नोकरीला), दोन सीनियर, मी, माझा रूम पार्टनर (त्याला का, ते विचारू नका) आणि काका. काकांना कारण होतं. लाइट गेली की यूपीएस जेमतेम वीस मिनिटं टिकतो, तेवढ्यात सर्व्हर नीट बंद करावा लागतो. सरांनी त्यांना शिकवलं होतं, की स्क्रीनवर हे लिहा, मग हा पासवर्ड, मग ही कमांड. काकांनी ते तिन्ही एका लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यावर लिहून चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं. लाइट गेली की काका आधी डबी काढायचे, मग टॉर्च.

आता झालं असं. एप्रिल २०२५, बीईच्या फायनल सबमिशनला तीन दिवस. शनिवारी सकाळी एका ग्रुपची मुलं ओरडत आली की त्यांच्या फोल्डरमधल्या फाइल गायब आहेत. मग दुसरा ग्रुप आला, तिसरा, चौथा. फोल्डर होते, पण उंदरांनी कुरतडल्यासारखे. काही फाइल शिल्लक, काही नाहीत. तीन ग्रुपनी पेनड्राइव्ह, मेल, मित्रांचे लॅपटॉप असं धुंडाळून बरंचसं परत मिळवलं. चौथ्या ग्रुपचं प्रोजेक्ट सोयाबीनच्या पानांवरचे रोग ओळखण्याचं होतं. आधीच्या खरिपात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, त्या मुलींनी शेतात फिरून पानांचे फोटो काढले होते. ज्या फोनने काढले तो मध्यंतरी फॉरमॅट झालेला. सर्व्हरचा शेवटचा बॅकअप डिसेंबरचा आणि फोटो चढवले जानेवारीत. एप्रिलमध्ये शेतात सोयाबीन कुठून आणणार?

सरांनी लॉग उघडला. कोण केव्हा आत आलं याची नोंद सर्व्हर ठेवतो. शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजून ४२ मिनिटांनी रूटने पासवर्ड देऊन लॉगिन केलं होतं, लॅबमधल्या १४ नंबरच्या मशीनवरून. त्यानंतर रूटचं लॉगिन नाही. म्हणजे जे झालं ते त्याच वेळी, असा सरळ हिशोब. लॅबचं रजिस्टर पाहिलं. साडेपाचनंतर कुणाचीच सही नाही. त्या वेळी लॅबमध्ये कुलूप लावायला कोण असतं? काका. रूटचा पासवर्ड त्यांना माहीत आहे का? आहे.

काकांना केबिनमध्ये बोलावलं. ते म्हणाले, "साहेब, मला बंद करायचं तेवढंच येतं." दोनदा म्हणाले. कुणी आरडाओरडा केला नाही, हे सांगायला हवं. पण काहीतरी दाबलं गेलं असेल, चुकून झालं असेल, माणूस घाबरून बोलत नसेल, असं सगळ्यांचं बोलता बोलता ठरून गेलं. सोमवारपासून काकांची ड्यूटी वर्कशॉपला. डबीतला पत्रिकेचा तुकडा काढून घेतला. लॅबमध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस लेथ मशीनखालचा लोखंडाचा चुरा भरायला लागला.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहितो. ६ वाजून ४२ मिनिटांनी लॉगिन करणारा मी होतो.

हॉस्टेलचं वाय-फाय बंद होतं म्हणून मी लॅबला गेलो होतो. वेळ संपलेली, म्हणून रजिस्टरवर सही केली नाही. काका झाडत होते, म्हणाले, "पटकन आवर." मी पंधरा मिनिटांत माझं काम उरकून निघालो. केबिनमध्ये सर लॉग वाचत होते तेव्हा मी शेजारीच उभा होतो आणि मला हे सगळं आठवत होतं. पण मी काही डिलीट केलं नव्हतं, अशी माझी खात्री होती. मग मी होतो असं सांगितलं तर सगळं माझ्यावर येईल, आणि खरा माणूस सुटेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. काकांकडे मी पाहिलंच नाही. नंतर सांगू म्हटलं. मग सबमिशन आलं, मग परीक्षा.

पासवर्ड बदलला गेला. नवा पासवर्ड सहाजणांना दिला. दुसऱ्या दिवशी तो व्हॉट्सॲपवर फिरत होता.

मे महिन्यात मी आजोळी गेलो. माझं आजोळ नेवासे तालुक्यातलं शनि शिंगणापूर. नगरहून (कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, पण एसटीत अजून 'एक नगर' म्हटलं की तिकीट मिळतं) घोडेगावपर्यंत यायचं आणि तिथून आत वळायचं. शिंगणापूर म्हटलं की हॉस्टेलवर सगळे तेच विचारतात, खरंच दारं नाहीत का? घरांना चौकटी असतात, दार-कडी-कुलूप नाही. पडदा असतो. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून काहीजण फळी टेकवून ठेवतात. शनिदेवाची राखण आहे, चोरी करणाऱ्याला तो सोडत नाही, ही श्रद्धा. २०१० साली बाहेरून आलेल्या एका भाविकाने गाडीतून पैसे आणि वस्तू गेल्याची तक्रार केली तेव्हा पेपरात मोठी बातमी आली होती. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने इथे शाखा काढली, तीही नेहमीचं कुलूप न लावता. दार काचेचं केलं. आणि, आपल्या लोकांना आवडेल असा भाग म्हणजे, त्या काचेच्या दाराला सहज नजरेत न येणारं, रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय लॉक बसवलं. म्हणजे श्रद्धाही राखली आणि रिझर्व्ह बँकही. २०१५ साली गावात पोलीस स्टेशनही आलं.

तर एका दुपारी आजीपाशी बसलो होतो. आजीला माझ्या 'कॉम्प्युटरच्या किल्ल्या' सांभाळण्याच्या नोकरीचं फार कौतुक. नोकरी नाही गं आजी, फुकटचं काम आहे, हे मी किती वेळा सांगितलं. बोलता बोलता काकांची गोष्ट निघाली. माझा भाग वगळूनच. ती म्हणाली, "तुमच्याकडं तर कुलूप होतं ना रे?"

"होतं. पण किल्ली सातजणांकडे होती."

"मग आत कोण गेलं ते कसं कळतं?"

"नाही कळत. सगळे एकाच नावाने आत जातात."

आजीला हे काही पटेना. म्हणाली, "आपल्याकडं कुलूप नाही, पण मी सोनईच्या बाजारला गेले तर समोरच्या बाईला सांगून जाते. घरात कोण आलं, कोण गेलं, तिला ठाऊक असतंय. तुमच्यात कुलूप हाय आणि कुणाला काहीच ठाऊक नाही." आणि मग सुपातले गहू निवडता निवडता सहज, "त्या माणसानं केलंय हे कुणी पाहिलं होतं का?"

मी म्हटलं, "कुणीच नाही."

त्या रात्री गच्चीवर हॉटस्पॉट लावून मी सर्व्हरला लॉगिन केलं. रूट म्हणूनच, दुसरा रस्ता होता कुठे. एप्रिलचा लॉग परत पहिल्यापासून वाचला. रूटच्या लॉगिनच्या ओळी आम्ही शोधल्या होत्या. त्यांच्या अधेमधे 'क्रॉन' नावाच्या गड्याच्या शेकडो ओळी असतात. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी ठरलेली कामं आपोआप करणारा. त्या ओळी आम्ही कचरा समजून गाळल्या होत्या. शनिवारी पहाटे दोन वाजता रूटच्या नावाने क्रॉनने एक स्क्रिप्ट चालवली होती. तिचं नाव 'सफाई'. ते नाव मी ठेवलेलं.

डिस्क ९६ टक्के भरली होती. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी त्या पंधरा मिनिटांत मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, की प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये १८० दिवसांपेक्षा जुन्या फाइल असतील त्या उडव. उडवण्याआधी नुसती यादी काढून पाहिली, एवढी अक्कल होती. पण यादी लांबलचक होती, काका थांबले होते, मी पहिल्या वीस ओळी पाहिल्या. सगळ्या पास होऊन गेलेल्या बॅचच्या. ठीक. क्रॉनला लावून निघून आलो. मला वाटत होतं ती रविवारी चालेल. आठवड्याचा वार लिहिताना आकडा चुकला होता.

आणि जुनी फाइल म्हणजे काय? झिप फाइल सर्व्हरवर आज उघडली, तरी आतल्या फाइलींना त्यांची मूळ तारीखच राहते. जानेवारीत चढवलेले फोटो सर्व्हरच्या दृष्टीने ऑगस्ट-सप्टेंबरचेच होते. एप्रिलमध्ये १८० दिवस केव्हाच उलटून गेले होते. ज्या ग्रुपनी वर्षभर मन लावून, वेळेवर काम केलं होतं, नेमक्या त्यांच्याच फाइल जुन्या ठरल्या. आदल्या रात्री कॉपी-पेस्ट करणाऱ्यांच्या केसालाही धक्का लागला नाही.

सरांना फोन करायला मला दोन दिवस लागले. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कॉलेज उघडलं की हेच एचओडींसमोर बोल. काकांसमोर पण." बोललो. सोयाबीनच्या ग्रुपलाही सांगितलं. त्यांनी इंटरनेटवरचा तयार डेटासेट घेऊन कसाबसा व्हायवा दिला होता. त्यातली एक मुलगी माझ्याशी आजही बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

काकांनी ऐकून घेतलं. मी रडेन की काय असं मला वाटत होतं, पण त्यांनी तशी संधीच दिली नाही. "बरं," म्हणाले, आणि कामाला गेले.

जूनमध्ये सरांनी आणि मी सर्व्हरवर लॉगिनची पद्धत बदलली. पुढच्या इन-चार्जला उपयोग होईल म्हणून सांगतो. आधी प्रत्येकाचं स्वतःच्या नावाचं खातं. मग प्रत्येकाने स्वतःच्या लॅपटॉपवर किल्ल्यांची जोडी बनवायची. आम्ही ईडी-२५५१९ प्रकारची बनवतो. जोडीतली खासगी किल्ली लॅपटॉपच्या बाहेर जात नाही, आणि तिला वर एक सांकेतिक वाक्य लावायचं, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी किल्ली चोराच्या कामाची नाही. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची. ती नोटीस बोर्डावर लावली तरी बिघडत नाही. लॉगिनच्या वेळी लॅपटॉप खासगी किल्लीने सही करतो, सर्व्हर ती सार्वजनिक किल्लीशी ताडून पाहतो. पासवर्ड दिला जातच नाही, मग तो चोरणार काय? हे जमलं की एसएसएचच्या सेटिंगमध्ये दोन ओळी बदलायच्या: रूटला थेट लॉगिन नाही, आणि कुणालाच पासवर्डने लॉगिन नाही.

इथे मी पुन्हा एकदा माती खाल्ली. किल्ली चालते का हे न पाहता दोन्ही दारं बंद केली आणि बाहेर पडलो. माझ्या होम फोल्डरवर इतरांनाही लिहायची परवानगी होती. अशा वेळी एसएसएच त्या किल्लीवर विश्वास ठेवत नाही, आणि ठेवू नयेच. रात्री साडेअकराला मी बाहेर, सर्व्हर आत. सकाळी स्क्रीन आणि कीबोर्ड घेऊन तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा आधीची खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहा, मगच पहिली बंद करा.

आत आल्यावर मालकाचं काम करायचं असेल तर 'सुडो' लावून करायचं. फरक एवढाच, की लॉगमध्ये नुसतं 'रूट' येत नाही. अमुक माणसाने, अमुक वेळी, रूटचा अधिकार घेऊन अमुक कमांड दिली, अशी ओळ येते. काही शहाणे सुडो लावून थेट रूटचं शेलच उघडून बसतात, म्हणजे पुढचं सगळं परत बिननावी. तसं करायचं नाही, असं सरांनी सांगितलंय. मोह होतो, कबूल. रूटला लॉगही पुसता येतो, म्हणून लॉगची एक प्रत दुसऱ्या मशीनवर जाते. पास होऊन जाणाऱ्याची किल्ली निरोप समारंभाच्याच दिवशी काढायची. पुण्यातल्या सीनियरची काढली तेव्हा त्याने फोन करून विचारलं, "काय रे, विश्वास नाही का?" विश्वास आहे की. पण त्याला आता कशाला हवंय आत यायला?

सर्व्हरला पहिल्यांदा जोडताना तो आपल्या किल्लीचा ठसा दाखवतो आणि पुढे जाऊ का विचारतो. आपण सगळे डोळे मिटून 'यस' करतो. आता तो ठसा लॅबच्या नोटीस बोर्डावर छापून लावलाय. पडताळून पाहणारा अजून एकही सापडलेला नाही.

एसएसएच जन्मालाही अशाच एका कॉलेजच्या लफड्यातून आलं. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकले. तेव्हा टेलनेटने लॉगिन करायचे, आणि टेलनेटचा पासवर्ड तारेतून पोस्टकार्डासारखा उघडा जायचा. तिथल्या तातू यलोनेन या संशोधकाने त्याच वर्षी एसएसएच लिहून फुकट वाटलं. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता, तो त्याने मागून घेतला. आणि २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला आपलं एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय असं जाणवलं. त्याने खोदून पाहिलं, तर एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत कुणीतरी चोरदार बसवलेलं निघालं. ते बसवणारा दोनेक वर्षं त्या प्रोजेक्टवर मदतनीस म्हणून वावरत होता, त्याचं नावही नोंदलेलं होतं. ते नाव खरं असेल असं मात्र कुणाला वाटत नाही. म्हणजे लॉगमध्ये नाव आलं की झालं, असंही नाही. आजीच्या समोरच्या बाईसारखं कुणीतरी पाहत असावं लागतं.

काका ऑगस्टमध्ये लॅबला परत आले. सर त्यांना म्हणाले, "लाइट गेल्यावर बंद करायचं काम परत तुमच्याकडे देऊ का?" काका म्हणाले, "नको साहेब. मला कसला पासवर्डच नको." दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या नावाचं खातं बनवलं होतं, आणि सुडोच्या फाइलीत त्यांना फक्त एक परवानगी दिली होती, मशीन बंद करण्याची. दुसरी कुठलीही कमांड दिली तर सर्व्हर नाही म्हणेल. मी त्यांना ते दोनदा करून दाखवलं. पासवर्ड त्यांनीच ठरवावा म्हणून मी तोंड फिरवून उभा राहिलो. त्यांनी एकेक अक्षर शोधत तो टाइप केला. बराच लांब होता.

मग त्यांनी चष्मा लावून विचारलं, "आता मी बंद केलं तर माझंच नाव येणार?"

"हो."

"आणि मी केलं नाही तर?"

"तर नाही येणार."

"दाखव."

मी लॉग उघडून दाखवला. त्यांनी स्वतःच्या नावाची ओळ वाचली, खालच्या चार ओळी वाचल्या, त्यात माझं नाव होतं तेही वाचलं, आणि लॅब झाडायला घेतली. परवा वादळात लाइट गेली तेव्हा मी हॉस्टेलवर होतो. लाइट आल्यावर लॉगिन करून पाहिलं. संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी काकांनी सर्व्हर बंद केलेला होता.